कॉडलचं औषध: मिलीलिटर नव्हे, मिलिग्रॅम

बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

खानापुरात लहान मुलांचे हर्निया, हायड्रोसील सुरू करतोयस, छान. कॉडलला, म्हणजे माकडहाडाजवळून दिल्या जाणाऱ्या बधिरतेच्या सुईला, ब्युपिव्हाकेन ठेवू की रोपिव्हाकेन, असं विचारलंयस. दुखणं दाबण्यात दोघांत फारसं डावं-उजवं नाही. एका डोसात साधारण चार ते सहा तास निभतात. फरक पडतो तो पायांत आणि हृदयात.

ब्युपिव्हाकेननं पाय जास्त लुळे पडतात. नातू उभा राहीना म्हटल्यावर कणकुंबीकडची आजी ‘सुईनं पायच गेले की वो!’ म्हणून वॉर्ड डोक्यावर घेते. चुकून शिरेत गेलं तर हेच औषध हृदयाच्या सोडियम चॅनलला (पेशींत सोडियम आत घेणाऱ्या बारीक दारांना) चिकटून बसतं, सुटता सुटत नाही. रोपिव्हाकेन लवकर सुटतं. लिग्नोकेन तास-दीड तासात उतरतं, ते या कामाचं नाही. मी असतो तर 0.2 टक्के रोपिव्हाकेन घेतलं असतं. नाही मिळालं तर ब्युपिव्हाकेन चालेल, पण हिशेब कडक ठेव.

12 किलोचं पोर, इंग्वायनल (जांघेतला) हर्निया. किलोला 1 मि.ली., म्हणजे 12 मि.ली. रोपिव्हाकेनचे झाले 24 मिलिग्रॅम. हद्द किलोला 3 मिलिग्रॅम, म्हणजे 36. हातात जागा उरते. ब्युपिव्हाकेन 0.25 टक्के केलंस (0.5 टक्क्याचं 6 आणि सलाईन 6) तर 30 मिलिग्रॅम, किलोला अडीच. इथं हद्द संपली! आता सर्जन टाके घालताना ‘जरा लोकल मारतो’ म्हणत याच औषधाचे 0.5 टक्क्याचे 3 मि.ली. जखमेत सोडतो, झाले 45. घात होतो तो असा. म्हणून फळ्यावर मिलिग्रॅम लिही, आणि सर्जनला तो आकडा आधीच दाखव. सुंतेला किलोला अर्धा मि.ली. पुरतो.

स्पायनलची (मणक्यातल्या पाण्यात द्यायची) हेवी ब्युपिव्हाकेनची अँप्यूलही 0.5 टक्क्याचीच असते. गफलत नको म्हणून ती दुसऱ्या कपाटात ठेव.

सहा महिन्यांखालची बाळं सध्या घेऊच नकोस, बेळगावला पाठव. औषध धरून ठेवणारं प्रथिन त्यांच्या रक्तात कमी असतं, त्यामुळे मोकळं औषध जास्त फिरतं.

मूल कुशीवर, गुडघे पोटाशी. माकडहाडाच्या वर दोन बारीक उंचवटे बोटाला लागतात, त्यांच्या मधे 22 नंबरची सुई. ‘टच्च’ झालं की पुढे रेटू नकोस. लहान मुलांत ड्युरा (मज्जारज्जूभोवतीचं आवरण) बरीच खाली येते. सिरिंज ओढून बघ, पण रक्त आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस, बारीक शीर ओढताना मिटते. थोडं थोडं सोड, नजर ईसीजीवर: टी वेव्ह (दर ठोक्याची शेवटची लाट) उंचावली की हात थांबव. कातडी फुगली तर सुई वरच आहे.

20 टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, या विषबाधेवरचा उतारा) थिएटरमध्ये नसेल तर कॉडल करूच नकोस. विषबाधा झाली तर किलोला 1.5 मि.ली. एका मिनिटात, मग मिनिटाला किलोमागे 0.25. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही पांढरं दिसतं, पण ते याला पर्याय नाही.

सकाळी नऊचं कॉडल दुपारी दोनला उतरायला लागतं, नेमकं परतीच्या बसमध्ये. म्हणून पॅरासिटामॉलचा पहिला डोस वॉर्डातच दे: किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे या पोराला 180. पाच मि.ली.त 250 असलेलं सिरप 3.6 मि.ली. दर सहा तासांनी, दिवसात चारदाच. चमच्याचा भरवसा नको. बिनसुईची सिरिंज दे, तीवर पेनानं खूण कर, आणि चिठ्ठी मराठी-कन्नड दोन्हींत लिही.

पहिल्या यादीतली वजनं कळव, आकडे मीही एकदा तपासतो.

तुझा मित्र