क्ष-किरणांचे तीव्र स्पंद आणि धातूंचे चुंबकत्व

संपादक महोदय,

स. न.

आपल्या विज्ञान पुरवणीतील क्ष-किरण लेझरवरचा लेख आवडला. परंतु हे किरण धातूच्या चुंबकत्वाला धक्का न लावता त्याचे चित्र टिपतात, या त्यातील विधानाला पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. स्पंद, म्हणजे किरणांचा क्षणभराचा झोत, सौम्य असेल तर ते विधान बरोबर आहे. स्पंदाची तीव्रता वाढवत नेली की मात्र ते टिकत नाही, आणि या संशोधनातील खरी रंगत तिथूनच सुरू होते. शिवाय चित्रातील चुंबकत्वाची खूण घटली म्हणजे चुंबकत्वच घटले, असे लेखात गृहीत धरले आहे; त्याकडेही पुढे वळतो.

निकेलचे चुंबकत्व घालवायचे तर ते साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे तापवावे लागते, हे पाठ्यपुस्तकात असतेच. १९९६ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी निकेलच्या पातळ थरावर ६० फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाचा दशलक्षांश) लेझर स्पंद सोडले आणि एका पिकोसेकंदाच्या (हजार फेम्टोसेकंदांच्या) आतच त्याचे चुंबकत्व निम्म्याच्या आसपास उतरलेले त्यांना आढळले. एवढ्या वेगाने हे कसे घडते, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेत क्ष-किरण लेझर सुरू झाला, तेव्हा हा बदल अणूच्या पातळीवर पाहण्याचे साधन हाती आले.

आता हे साधन काम कसे करते ते पाहू. क्ष-किरणांची ऊर्जा सुमारे ७७८ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) ठेवली, तर कोबाल्टच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडून चुंबकत्वाला कारणीभूत असलेल्या बाहेरच्या कक्षेतील रिकाम्या जागी जातो. डावीकडे व उजवीकडे फिरणाऱ्या ध्रुवणाचे (म्हणजे किरणांच्या कंपनाच्या दिशेचे) किरण धातूत सारख्या प्रमाणात शोषले जात नाहीत, आणि त्या फरकावरून चुंबकत्व मोजले जाते. आतल्या कक्षेत पडलेली पोकळी जेमतेम दीड फेम्टोसेकंद टिकते. ती भरली जाताना बहुतेक वेळा दुसराच एखादा इलेक्ट्रॉन शेकडो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घेऊन बाहेर फेकला जातो, तो इतरांवर आदळतो, ते आणखी काहींवर, आणि स्पंद संपायच्या आतच बाहेरच्या कक्षांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी विस्कटते. अशा वेळी स्पंदाचा उत्तरार्ध जो धातू पाहतो, तो पूर्वार्धाने पाहिलेला धातू राहिलेला नसतो. अणूंची जाळी मात्र एवढ्या अवधीत जवळपास जागची हललेलीही नसते. म्हणजे हा बदल नेहमीच्या अर्थाने धातू तापल्याचा नव्हे.

याहून गमतीची गोष्ट वेगळीच आहे. कोबाल्ट आणि पॅलेडियमचे थर आलटूनपालटून रचले की त्यात चुंबकत्वाची दिशा वर-खाली बदलणारे नागमोडी पट्टे तयार होतात आणि त्यांवरून विखुरलेले क्ष-किरण शोधकावर, म्हणजे किरण टिपणाऱ्या उपकरणावर, एक कडे उमटवतात; हीच चुंबकत्वाची खूण. स्पंद अतितीव्र केल्यावर हे कडे फिके पडत गेल्याचे स्लॅकमधील प्रयोगात दिसले. चुंबकत्व नष्ट झाले, असा निष्कर्ष कुणीही चटकन काढेल. पण तो घाईचा ठरेल. उत्तेजित इलेक्ट्रॉन आपणहून खाली येण्यापूर्वीच त्याच्यावर पुढचे किरण येऊन पोहोचले, तर तो त्यांच्या प्रभावाखाली खाली उतरतो आणि त्यांच्याच दिशेने किरण सोडतो. परिणामी धातू अधिक पारदर्शक होतो, बाजूला विखुरणारे किरण घटतात आणि पट्टे जागच्या जागी असूनही खूण पुसट होते. चुंबकत्व घटणे आणि चुंबकत्वाची खूण घटणे, या दोहोंत लेखकाने केलेली गल्लत माझ्या मते सर्वांत खटकणारी आहे.

हा भेद प्रयोगात कसा करतात, हेही वाचकांना सांगायला हवे होते. या यंत्रातील स्पंद बहुधा इलेक्ट्रॉनांच्या झोतातील यादृच्छिक चढउतारांतून उपजतात, त्यामुळे प्रत्येक स्पंदाची तीव्रता वेगळी असते. एरवी ही डोकेदुखीच. पण स्पंदागणिक तीव्रता नोंदवून मोजमापांची त्यानुसार वर्गवारी केली, की सौम्य स्पंदांतील खूण आणि तीव्र स्पंदांतील खूण शेजारी ठेवून पाहता येते. म्हणूनच अशा चित्रांसोबत स्पंदाची लांबी आणि दर चौरस सेंटिमीटरवर पडलेली ऊर्जा छापावी, अशी विनंती आहे. हे दोन आकडे नसतील, तर चित्रातला धातू मूळचा आहे की स्पंदाने बदललेला, हे वाचकाला ठरवता येणार नाही.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक