वहिनींच्या कॅप्सूलबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

स्तनकर्करोगाच्या औषधांबरोबर वहिनींना या कॅप्सूल द्याव्यात का, असं तू विचारलंस; बाटलीचा फोटोही मिळाला. ‘नैसर्गिक फ्लेव्होनॉइड’ ठळक अक्षरात, किंमत मात्र भिंग लावून वाचावी लागली!

फ्लेव्होनॉइड म्हणजे वनस्पतींत आपोआप तयार होणाऱ्या द्रव्यांचं एक कुटुंब. त्यातलं क्वेरसेटिन म्हणजे आपल्या कांद्यातलंच द्रव्य. सर्वांत जास्त ते बाहेरच्या सालींत, म्हणजे लासलगावच्या बाजारात जे पायाखाली तुडवलं जातं त्यात. त्याची थट्टा करत नाही मी. एमसीएफ-७ नावाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी १९७० पासून प्रयोगशाळांत वाढवतात. त्यांच्यावर क्वेरसेटिन किंवा त्याच कुटुंबातलं एपिजेनिन घातलं की विभाजन मंदावतं, पुष्कळ पेशी मरतातही. पण प्रयोगशाळेच्या बशीत ओतलेली मात्रा रक्तापर्यंत पोचत नाही रे. आतड्याचं अस्तर आणि यकृत मिळून बहुतेक क्वेरसेटिनचं रूपच पालटतात आणि शरीर ते बाहेर टाकून मोकळं होतं.

सोयाबीनमधलं जेनिस्टीन, तेही याच कुटुंबातलं, तर दुतोंडी. थोडं असलं तर याच पेशींच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला (इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पेशीत जिथे चिकटतं त्या जागेला) चिकटून त्यांना वाढवतं, भरपूर असलं तर रोखतं. वहिनींचा रिपोर्ट इस्ट्रोजेन पॉझिटिव्ह, म्हणजे त्यांच्या गाठीच्या पेशींतही ही जागा आहे, आणि त्यांच्या टॅमॉक्सिफेन या औषधाचं काम तीच जागा अडवून धरण्याचं. उंदरांवरच्या प्रयोगात जेनिस्टीनने टॅमॉक्सिफेनचा गुण घालवलेला आहे. उलट शांघायमधल्या पाच हजारांवर रुग्ण स्त्रियांच्या २००९ सालच्या पाहणीत सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणून ताटातल्या सोयाला मी भीत नाही, अर्काच्या कॅप्सूलला भितो. शिवाय टॅमॉक्सिफेनला खरा जोर यकृतात त्याचं एंडॉक्सिफेन हे रूप झाल्यावर येतो. त्याच यकृतावर आणखी एक ओझं कशाला?

द्राक्षांचं विचारलंस. पिंपळगावची पेटी खुशाल आण, पण द्राक्षांतल्या ज्या द्रव्याचा गवगवा चालतो ते रेस्व्हेराट्रॉल मुळात फ्लेव्होनॉइड नाहीच.

झाडपाल्यातून औषध निघतच नाही, असं मात्र म्हणू नकोस. सह्याद्रीतल्या एका झाडात रोहितुकाइन नावाचं द्रव्य सापडलं आणि त्यावरून फ्लेव्होपिरिडॉल हा कृत्रिम फ्लेव्होन (फ्लेव्होनॉइडचाच एक प्रकार) मुंबईत हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधकांनी घडवला. पेशी विभागायला लावणारी एन्झाइम्स तो अडवतो. शिरेतून देऊन, मात्रा मोजून माणसांवर चाचण्या झाल्या, तरी स्तनकर्करोगावर त्याला अजून मान्यता नाही. आणि इथे एक बाटलीवाला घरपोच देतोय!

पुढच्या तपासणीला बाटली बरोबर ने आणि डॉक्टरांपुढे ठेव. तोवर फोडू नकोस. वहिनींना कांद्याची पीठ पेरलेली भाजी आवडते ना? ती रोज कर म्हणावं.

रविवारी येतो. आईंना नमस्कार.

तुझा,
विनायक