आमच्या पूररेषेवर अस्वल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कलावंत आणि शास्त्रज्ञ यांच्या जुगलबंदीवरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. ओलाफुर एलियासन हा कलावंत आणि मिनिक रोसिंग हा भूशास्त्रज्ञ, दोघांनी ग्रीनलँडचा बर्फ आणून २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसच्या चौकात बारा ठोकळे गोलाकार मांडले आणि लोकांसमोर वितळू दिले. उत्तम. पण शेवटी लेखक सुस्कारा टाकतात, की आपल्याकडे असे काही घडत नाही. हे पत्र त्या एका वाक्यासाठी.

घडले होते. इथेच, सांगलीत, गावभागात.

पूर आला की सांगलीत एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथे मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे शेंबडे पोरही सांगेल. पण आयर्विनला पन्नास म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती, हे कोणालाच सांगता येत नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा माणसे घरात अडकली ती याचमुळे. २००५ ला इथवर आले होते, त्याच्या वर काही येत नाही, हाच सगळ्यांचा हिशेब.

तो पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीतले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता कुठून तरी डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंच-सखल पातळी मोजायची दुर्बीण, घेऊन आले. पुलापासून लेव्हल काढत काढत गल्लीपर्यंत आणली. मी चित्रकलेचा मास्तर, जोडीला माझा बोर्ड रंगवणारा मित्र. त्यांनी खडूने खूण करायची, आम्ही लाल ऑइल पेंटने रेघ ओढायची आणि वर ठसठशीत आकडा घालायचा. ४८ पायरीला आला, ५० गुडघ्याच्या जरा वर. ५७ साठी शिडी लावावी लागली, ती रेघ दाराच्या चौकटीवरून गेली. रंगाचे पैसे गल्लीने वर्गणी काढून दिले. उद्घाटन झाले नाही, फोटो नाही, म्हणून तुमच्या लेखकापर्यंत बातमी पोचली नसावी.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा चढू लागले. शेजारच्या आजींना अक्षर वाचता येत नाही. त्यांनी भिंतीवरच्या रेघेवर हात ठेवून विचारले, ‘मास्तर, आज रात्री हितवर येतंय का तितवर?’ अभियंतासाहेबांनी कोयनेचा विसर्ग आणि वरचा पाऊस बघून वरच्या रेघेकडे बोट केले. आजींनी नातवाला हाक मारून तांदळाचा डबा, सिलिंडर, देव, सगळे माळ्यावर चढवले आणि संध्याकाळच्या आत लेकीकडे गेल्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० पासून तिपटीने वाढला आहे. हा अभ्यास आजींना कोणी वाचून दाखवला असता तरी त्यांनी डबा हलवला नसता. रेघेने हलवला.

आता पुढचे ऐका. गेल्या वर्षी एका कार्यालयाला हवामान बदलाबद्दल जनजागृती करायची हुक्की आली. ठेकेदाराची पोरे रोलर घेऊन आली, भिंतीला पांढरा प्रायमर मारला आणि त्यावर एक पांढरे अस्वल काढले. बर्फाच्या तुकड्यावर उभे, डोळ्यांत पाणी, खाली ‘वसुंधरा वाचवा’. अस्वलाचे मागचे पाय नेमके आमच्या ५३ च्या रेघेवर. अस्वलावर माझा राग नाही, पण सांगलीकराने बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसात, त्याला या अस्वलाचे दुःख कुठून कळायचे? मी कार्यालयात गेलो. साहेब सौजन्याने बोलले, खोटे कशाला सांगू. म्हणाले, ‘मास्तर, त्या जुन्या रेघा विद्रूप दिसत होत्या. आणि विषय तोच आहे की.’ अर्ज द्या म्हणाले, अर्ज दिला. आवक शिक्का मिळाला, उत्तर नाही.

नातीने मला मोबाइलवर दाखवले, ईव्ह मोशर नावाच्या कलावंत बाईंनी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर समुद्रसपाटीपासून दहा फुटांची रेषा आखली, कबड्डीच्या मैदानावर फक्की मारतात तशी. २०१२ ला सँडी वादळ आले आणि त्या शहरात समुद्र शिरला. तिकडे रेघ मारली की कला, गावभागात मारली की विद्रूपीकरण!

पाटबंधारे खात्याची निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर, शंभर वर्षांतला कुठवर. दोन्ही नकाशावर. निळ्या रेषेत भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्यांना ती बरोबर ठाऊक असते, घर घेणाऱ्याला नसते. आमच्याच गल्लीत एकाने हात जोडून सांगितले होते, ‘मास्तर, घराला गिऱ्हाईक येतंय, माझी भिंत तेवढी सोडा.’ सोडली. तो निदान तोंडावर बोलला.

अभियंतासाहेबांनी लेव्हलची वही जपून ठेवली आहे. भिंत मोकळी करून मिळाली तर पावसाळ्याच्या आत रेघा परत मारू. अस्वल हवेच असेल तर शेजारी राहू दे, उंची मोजायला उपयोग होईल.

आणखी एक. त्याच लेखात एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाचे पट्ट्यांचे चित्र तुम्ही छापले. एका वर्षाला एक पट्टा, थंड वर्ष निळे, गरम वर्ष लाल, एवढेच त्या चित्रात आहे. आणि ते तुम्ही कृष्णधवल छापले! निळे करडे, लाल करडे, वाचकाने बघायचे काय? त्याच पानावर खाली एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाची अर्धे पान जाहिरात, ती मात्र सप्तरंगात. चित्र रंगीत पुन्हा छापावे, ही विनंती. जागा नसेल तर हे पत्र कापा, चालेल.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
गावभाग, सांगली