दोन फेऱ्यांमधला अर्धा तास

महोदय,

२०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला. २०६ खेळाडू, जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीतच बाद, आणि करंडक गेला उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या सिंदारोवकडे. त्यानंतर पोरांना पटावर बसवायची हौस घरोघरी वाढलेली दिसते. चांगलेच आहे. माझी तक्रार पटाबाहेरच्या पालकांबद्दल आहे.

फोंड्यात रविवारच्या एका जलद स्पर्धेला भाच्याबरोबर गेलो होतो. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी अख्खा वजीर जास्त असताना घाईत मात खाऊन बाहेर आली. आईने तिथेच सुरू केले, ‘कितें केलें गो हें?’ वडिलांनी मोबाईलवर पट मांडला. पुढच्या फेरीचे पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागेपर्यंत उलटतपासणी चालूच. पुढच्या डावात तिने सुरुवातीलाच घोडा फुकट घालवला. मग त्याचे वेगळे ऐकून घेतले.

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले, म्हणून लिहितो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिवा लागला की फळाचा रस मिळतो हे कळल्यावर मेंदूतल्या डोपामीनच्या, म्हणजे बक्षिसाची चाहूल देणाऱ्या रसायनाच्या, पेशी दिवा लागताच उसळतात. आणि ठरल्या वेळी रस आला नाही, तर नेहमीच्या पातळीच्याही खाली जातात. जिंकत आलेला डाव गेला की पोराच्या डोक्यात असेच काहीसे होत असणार. त्यात वरून ओरडा.

अॅड्रेनलिन क्षणात चढते. ताणाचे दुसरे संप्रेरक, कॉर्टिसॉल, मात्र सावकाश; ताण बसल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखरावर असते. दोन फेऱ्यांमध्ये वेळ असतो साधारण तेवढाच! म्हणजे व्हरांड्यात भरलेला दम पुढच्या डावात, घड्याळ चालू असताना अंगात भिनतो. तीन-चार चाली पुढचे चित्र धरून ठेवणारा कपाळामागचा मेंदू अशा वेळी ढिला पडतो.

एका दिवसाच्या बोलण्याने मूल भित्रे होते, असे मी म्हणणार नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉर्टिसॉल थोडा वेळ वाढवल्याने लोकांच्या जोखीम घेण्यात विशेष फरक पडला नाही. आठ दिवस ते चढे ठेवल्यावर मात्र माणसे पैशांच्या निर्णयात हात आखडू लागली. प्रयोग मोठ्यांवरचा होता हे मान्य. पण दर रविवारी बोलणी खाणारी मुले वरचढ असतानाही बरोबरी मागताना मी पाहतो, तेव्हा तो आठवतो.

‘आम्ही मार खाऊन शिकलो’ म्हणणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद नाही, फक्त डावाची चिरफाड संध्याकाळी घरी करा. मधल्या वेळेत पोराला पाणी द्या, भाजीपाव द्या, अंगणात धावू द्या. आयोजकांनीही दोन फेऱ्यांच्या मध्ये विश्लेषण नको, हे माहितीपत्रकातच छापावे. खेळाडूंचे मोबाईल बाहेर ठेवायला लावतात, तसे या अर्ध्या तासात पालकांचेही खिशातच राहू द्यावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा