घट्ट बांधलेली ट्रान्स्फर केस चालवून मोकळी होत नाही

संपादक महोदय,

जुन्या जीप पुन्हा रस्त्यावर आणण्याचा उत्साह तरुणांमध्ये दिसतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांना गॅरेजमध्ये हमखास मिळणारा एक सल्ला घातक आहे, म्हणून हे पत्र. ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या डब्यात, नवे बेअरिंग टाकले, केस बांधली आणि शाफ्ट हाताने फिरेना, की सांगतात, ‘नवं सामान आहे, थोडी चालवा, मोकळी होईल.’ ती मोकळी होत नाही. टेपर बेअरिंगला, म्हणजे निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला, फटच नसेल तर रोलर तापतात. शाफ्ट बाहेरच्या बिडाच्या घरापेक्षा जास्त तापतो, जास्त वाढतो आणि उरलीसुरली जागाही खातो. मग रोलर निळे पडतात, कपाचे, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याचे, पापुद्रे सुटतात आणि तो चुरा तेलातून नीडल रोलरमध्ये, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरमध्ये, जातो. तेव्हा जीप ‘मोकळी’ वाटते खरी, पण बेअरिंग संपलेलं असतं.

हे सगळं विलिस धाटणीच्या जीपबद्दल, म्हणजे सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या महिंद्रा सीजे ३४० सारख्या गाड्यांबद्दल आहे. त्यांची ट्रान्स्फर केस स्पायसर १८ प्रकारची असते आणि मागचा शाफ्ट एका बाजूला सरकलेला असतो.

घट्टपणाचं पहिलं कारण मागच्या कॅपखालचे शिम, म्हणजे जागा राखणाऱ्या पातळ चकत्या. आउटपुट शाफ्टला पुढे-मागे ४ ते ८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.१० ते ०.२० मिलिमीटर हालचाल हवी. कॅपखाली शिम वाढवले की हालचाल वाढते, काढले की कमी होते. जुने शिम मोजून तसेच परत घालणं पुरेसं नाही, कारण बेअरिंग बदललं की जाडीही बदलते. मोजताना ऑइल सील आणि हँडब्रेकचे शू बसवू नका. या जीपचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागच्या ड्रमवरच असतो. शू ड्रमला घासत असतील तर गिअर घट्ट असल्याचा भास होतो आणि धड असलेली केस विनाकारण उघडली जाते.

कॅपचे बोल्ट पूर्ण आवळा, रोलर बसावेत म्हणून शाफ्ट काही फेरे फिरवा आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) शाफ्टच्या टोकाला लावून मोजा. शिम वाढवूनही फरक पडला नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा कप जुन्याच जागी अडकलेला असतो. शाफ्टच्या पुढच्या टोकावर तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीने ठोका द्या, म्हणजे कप मागे सरकून कॅपला टेकतो. मग पुन्हा मोजा. हा एक ठोका न दिल्यामुळे कित्येकजण शिमवर शिम चढवत बसतात. शिमच्या जागी सिलिकॉनचा जाड थर लावणं तर साफ चूक. तो सगळीकडे सारखा दबत नाही आणि कप तिरका बसतो.

दुसरं कारण मधल्या शाफ्टचं. काळानुसार तो पाऊण इंच, एक इंच एक सूत आणि सव्वा इंच अशा तीन जाड्यांत आला, म्हणून व्हर्नियरने जाडी मोजल्याशिवाय किट घेऊ नये. या शाफ्टवरच्या थ्रस्ट वॉशरची (गिअर आणि केस यांच्यामधल्या चकतीची) पितळी बाजू गिअरकडे यायला हवी आणि कान केसच्या खाचेत बसायला हवा. शाफ्ट आत ठोकताना वॉशर सरकला तर कान खाचेबाहेर चेपतो आणि गिअर जाम होतो. उपाय सोपा आहे: त्याच जाडीचा, गिअरच्या लांबीइतकाच आखूड डमी शाफ्ट घ्या, नीडल ग्रीसने चिकटवा, वॉशरही ग्रीसनेच केसला लावा आणि खरा शाफ्ट डमीला ढकलत आत न्या. नीडल किटमधल्या संख्येशी ताडून घ्या. एखादं निसटून गिअरच्या दातांत गेलं तर दात तुटेल. शाफ्ट बसवताना त्याची खाच लॉक प्लेटच्या (शाफ्ट जागी धरणाऱ्या पट्टीच्या) दिशेला ठेवा. वाकडा बसलेला शाफ्ट प्लेटचा बोल्ट आवळून सरळ होत नाही.

मागचा फ्लँज (शाफ्टच्या टोकाची जोडचकती) फिरवताना दोन-चाकी मोडमध्येही पुढचा फ्लँज जोर लावून ओढला जात असेल, तर पुढच्या क्लच शाफ्टमधलं पायलट बुश, म्हणजे मागच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती नळी, तपासा. बुश दाबून बसवलं की त्याचं भोक आकसतं, म्हणून ते भोक रीमरने कापून मापात आणावंच लागतं. आणि शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडत असेल, तर शिमला हात लावू नका, दातावरचा ओरखडा किंवा चेपलेली कड शोधा.

एका परिस्थितीत तर केस उघडायचीच नसते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चार-चाकी लावून चालवलं, किंवा पुढचे-मागचे टायर कमी-जास्त झिजलेले असले, की दोन्ही प्रोपेलर शाफ्टमध्ये (केसपासून चाकांच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्यांमध्ये) पीळ भरतो आणि चार-चाकीचा लिव्हर निघत नाही. थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

सामान विकणाऱ्यांना विनंती आहे की किटवर शाफ्टची जाडी ठळक छापावी आणि शिम जाडीनुसार वेगळ्या पुड्यांत द्यावेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विद्यार्थ्यांना डायल गेजने शाफ्टची हालचाल मोजायला प्रत्यक्ष केस हातात देऊन शिकवावं. आणि जीपमालकांनी कारागिराकडून कॅप बंद होण्यापूर्वी एवढंच विचारावं: हालचाल किती थाऊ आली?

आपला,
जुन्या जीपचा एक कारागीर, नाशिक