आत येऊन हिशोब शिकवणाऱ्यांचे आभार

कारागृहातल्या बंद्यांना धंद्याचा हिशोब शिकवायला वऱ्हाडातल्या खेड्यांतून येणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मिनी डाळमिलवाल्या ताई, तुमचा धडा सर्वांत मोलाचा. एक क्विंटल तुरीतून डाळ निघते साधारण 70 किलो, बाकी चुनी आणि टरफल. नवा माणूस खर्चाला 70 ऐवजी 100 ने भागतो, भाव कमी लावतो आणि पहिल्याच हंगामात भांडवल खाऊन बसतो. हमाली, बारदाना, वीज आणि स्वतःची मजुरीसुद्धा तुम्ही फळ्यावर मांडायला लावलीत. बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, हे आत फार थोड्यांना ठाऊक असतं. सुटल्यावर आधी खातं चालू करायला केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी), मग मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंतचा अर्ज, हा क्रम तुम्ही पक्का करून घेतलात. आणि रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, वह्या आणून देणाऱ्या दादा, तुमचेही!