होडीला हात लावणाऱ्यांचे आभार

घरच्या घरी लाकूड-फायबरग्लासची होडी बांधणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून, नाव न सांगता मदत करून गेलेल्यांचे मनापासून आभार. हार्डनर (रेझिन घट्ट करणारा भाग) जास्त घातला म्हणून इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनरचं चिकट मिश्रण) लवकर सुकत नाही, उलट मऊ राहते, हे तुम्हीच बजावलंत. सर्वांत मोलाचा सल्ला वेळेचा: फायबरग्लासचं कापड संध्याकाळी, तापमान उतरू लागल्यावरच चढवा. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे उठतात. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं कापड पारदर्शक होईपर्यंत भिजवायचं, जादा रेझिन स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढून काढायचं. वीण दिसलीच पाहिजे. सुकल्यावर वर येणारी मेणचट साय आधी पाण्याने धुवायची, मगच पॉलिश पेपर. सँडिंगच्या धुळीपासून मुलांना लांब ठेवा म्हणणाऱ्या ताईंचे विशेष आभार.